क्लेलियाच्या दारावरची फांदी

क्लेलियाच्या खाणावळीत काय पिणार असं कुणी विचारत नसे. काय खाणार ते तुम्ही सांगायचं, सोबत कुठली वाइन ते ती ठरवणार. तळणाचं ताट मागवलं की ग्रिन्योलिनो यायची, फिकट रंगाची, द्राक्षाच्या बियांचा तुरटपणा जिभेवर ठेवून जाणारी. सलामीच्या सुक्या मांसाबरोबर फ्रेइसा, ओतताना किंचित फसफसणारी. ट्राउट मासा असेल तर पांढरी कोर्तेझे. आणि कणकेच्या घडीत मांस भरलेली अन्योलोत्ती, उकडलेलं मांस, लसूण-अँचोवीच्या गरम तेलात बुडवून खायच्या भाज्या, हे सगळं बार्बेराचं.

"बार्बेरा आंबट असते म्हणून शहरातले लोक नाक मुरडतात," ती म्हणायची. "चरबी कापायला आंबटच लागतं. त्यांच्या ताटात चरबीच नसते, त्याला मी काय करू?"

तोरिनोहून आलेल्या एका वकिलाने एकदा ट्राउटबरोबर बार्बेरा मागितली. क्लेलियाने त्याच्या पुढ्यातून ट्राउट उचलून नेली आणि उकडलेलं मांस आणून ठेवलं. तो मुकाट्याने जेवला आणि पुढच्या रविवारी बायकोला घेऊन आला.

रविवारी तर बसायच्या आधीच प्रत्येकाच्या हातात एक वाडगा द्यायची पद्धत होती. उभ्याउभ्या प्यायचा. वाफाळता रस्सा, त्यात चार अन्योलोत्ती, आणि वरून बार्बेराची बारीक धार. रस्सा जांभळा व्हायचा. थंडीतून आलेल्या माणसाच्या कानांपर्यंत ऊब जायची.

मी तिची भावजय, पिएरा. भाताच्या सपाट मुलखातून लग्न करून या मोंफेर्रातोच्या टेकड्यांवर आले तेव्हा मला बार्बेरा आणि फ्रेइसा यांतला फरक कळत नव्हता. माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आठवडाभर कासालेच्या कारखान्यात असायचा. मी खाणावळीच्या स्वयंपाकघरात उभी राहू लागले. क्लेलिया माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. लग्न केलं नव्हतं. उंच, हाडापेराने रुंद, केस मागे घट्ट बांधलेले. बोलणं थोडं, आणि जे बोलायची ते कापून ठेवल्यासारखं.

तिच्या आयुष्यात अभिमानाची वस्तू एकच होती. तळघरातलं बार्बेराचं पिंप. तिच्या आजोबांनी बनवून घेतलेलं, ओकच्या फळ्यांचं. तेव्हापासून ते एकाही वर्षी रिकामं राहिलं नव्हतं, दोन्ही युद्धांतही नाही. दाराच्या वर ज्युनिपरची हिरवी फांदी टांगलेली असायची. आमच्याकडे त्या फांदीचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो: या घरात घरची वाइन आहे, आत या.

पंच्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये गारा पडल्या. वीस मिनिटं. द्राक्षमळ्याच्या वरच्या अंगाला फक्त काठ्या उरल्या. सुगीनंतर पिंप निम्मंच भरलं.

निम्मं पिंप ठेवता येत नाही. वाइनच्या वर चार बोटं हवा राहिली तरी ती आंबून सिरका होते. म्हणून दर शनिवारी प्रत्येक पिंप काठोकाठ भरायचं, जेवढी वाइन लाकडाने पिऊन टाकली असेल तेवढी वरून घालायची, हा आमच्याकडचा नेम. निम्म्या पिंपातली वाइन छोट्या बुधल्यांत काढून ठेवता आली असती. पण मग पिंप सुकलं असतं, फळ्या आकसल्या असत्या.

"आजोबांचं पिंप माझ्या हातून सुकणार नाही," क्लेलिया म्हणाली.

जानेवारीत एक ट्रकवाला आला. गावातल्या कुणी त्याला आधी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडून तिने वाइनचे सहा मोठे बुधले उतरवून घेतले. गडद रंग, अंगात जोर, चव फारशी नाही. तिने ती बार्बेरात घातली. मग शनिवारी शनिवारी फ्रेइसाच्या पिंपातही वरची तूट त्यातूनच भरली. ग्रिन्योलिनो आधीच बाटल्यांत भरून झाली होती, आणि पांढऱ्यात लाल कुणी घालत नाही, म्हणून तेवढ्या दोन सुटल्या.

नरसाळं मी धरलं होतं. ती वरून ओतत होती आणि मी दोन्ही हातांनी नरसाळं धरून उभी होते. "कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. मी मान हलवली. त्या वेळी मला त्यात फक्त लाज दिसली होती.

मार्चमधला गुरुवार. सकाळचे दहा. मी कांदा चिरत होते, रेडिओ चालू होता. बातम्या सांगणारी बाई नेहमीच्याच आवाजात म्हणाली की भेसळीच्या वाइनने माणसं मेली आहेत. वाइनचा जोर वाढवायला तिच्यात लाकडाचा विषारी अल्कोहोल, मिथेनॉल, मिसळला होता. काहींचे डोळे गेले. आधी डोळ्यांपुढे पांढरं पसरतं, बर्फात उभं राहिल्यासारखं, मग काहीच दिसत नाही. माल कुठे कुठे गेला आहे त्याचा शोध चालू आहे. वाइनचं नाव तिने घेतलं. बार्बेरा.

मी वळून पाहिलं. क्लेलिया दारात उभी होती. हातात रुमाल होता आणि ती त्याची घडी घालत होती. घडी झाली, तिने ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"आपली नसेल ती," मी म्हणाले.

"आपली कुठली?" ती म्हणाली. "त्यातलं आपलं किती आणि त्याचं किती, तुला सांगता येईल?"

बाराच्या ठोक्याला एवासियो आला. एवासियो गावचा निवृत्त पोस्टमन, विधुर, पंचाहत्तरीचा. रोज दुपारी आमच्याकडे जेवायचा. त्याची तीन चाकांची खटारा गाडी दोन वळणं आधीपासून ऐकू यायची. ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांतही तो शुक्रवारी मांस मागायचा, पाद्रीबाबांचं तोंड पाहण्यासाठी.

"काय गं मैदानवाली," तो मला म्हणाला, "आज कांद्यापायी रडतेस की नवऱ्यापायी?"

मी हसायचा प्रयत्न केला. क्लेलियाने त्याच्यापुढे उकडलेलं मांस आणि हिरवी चटणी ठेवली. मग आत गेली, बाहेर आली, आणि त्याच्या पेल्यात कोर्तेझे ओतली.

त्याने घोट घेतला. पेला खाली ठेवला.

"मालकीणबाई, उकडलेल्या मांसाबरोबर पांढरी? वीस वर्षांत पहिल्यांदा. तब्येत बरी आहे ना?"

"बार्बेरा गढूळ झालीय. दोन दिवस थांब."

"मला तर हे पाणी वाटलं होतं," तो म्हणाला. पेला डोळ्यांजवळ नेऊन त्याने तो उजेडाकडे धरला. "धुकंही किती आहे आज. येताना चर्चचा मनोरासुद्धा दिसला नाही."

बाहेर ऊन होतं. इतकं स्वच्छ ऊन होतं, की टेकडीपलीकडे आल्प्सचा बर्फ दिसत होता. मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होते.

क्लेलियाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती टेबलाची कड धरून उभी होती.

एवासियो गेल्यावर तिने दाराला आतून कडी घातली आणि तळघरात उतरली. बराच वेळ आली नाही म्हणून मी गेले. सहाव्या बुधल्याच्या तळाशी थोडी वाइन उरली होती. ती तिने पेल्यात घेतली होती, आणि पेला अर्धा संपला होता. मी तो हातातून हिसकावला. वाइन माझ्या एप्रनवर सांडली.

"तुला वेड लागलंय का?"

"रेडिओवाली म्हणाली, एका दिवसात कळतं," ती शांतपणे म्हणाली. "उद्यापर्यंत कळेल."

"आणि कळलं म्हणजे? तू आंधळी झालीस की बाकीच्यांना दिसायला लागेल?"

ती पायरीवर बसली. मी शेजारी बसले. तळघरात नेहमीचा वास होता, ओल्या लाकडाचा आणि आंबलेल्या फळाचा. इतकी वर्षं तो मला घराचा वास वाटायचा. त्या दिवशी मी तोंडाने श्वास घेत होते.

मग तिने मोजायला सुरुवात केली. जानेवारीपासून कोण कोण आलं आणि कोण काय प्यायलं. पिणं तिला आठवत नव्हतं, पण खाणं आठवत होतं. कोणी काय खाल्लं हे ती कधीच विसरली नाही, आणि खाण्यावरून वाइन कळत होती.

"गावच्या कचेरीतला सेक्रेटरी आणि त्याची आई, तळण. ग्रिन्योलिनो. सुटले." तिने एक बोट मिटलं. "पाद्रीबाबा. शुक्रवारी ट्राउट. सुटले. शिकारी लोक, सलामी, फ्रेइसा. पाच जण. डॉक्टरांची बायको, अन्योलोत्ती. बार्बेरा. एवासियो." तिथे ती थांबली. "एवासियो रोज."

"म्हणजे पाद्री वाचले आणि एवासियो अडकला," मी म्हणाले. एरवी यावर आम्ही दिवसभर हसलो असतो.

ती बोटं मिटत गेली, उघडत गेली. सुटलेल्यांची बोटं वाढत होती. तिचा आवाज जरा सावरला. "नोएमी," ती म्हणाली, "बाळाच्या बाप्तिस्म्याचं जेवण. फेब्रुवारीचा दुसरा रविवार. तिने भात आणि भाजी घेतली होती, अंगावर पाजते म्हणून. वाइन घेतलीच नाही. ती सुटली."

तेव्हा मला वाडगा आठवला.

मला बोलायचं नव्हतं. मी एप्रनवरचा ओला डाग बोटाने घासत राहिले. पण तिने माझं तोंड पाहिलं.

"काय?"

"रविवार होता, क्लेलिया. दारातच वाडगे दिले होते. मीच दिले."

तिची मिटलेली बोटं हळूहळू उघडली, एकेक करत, सगळी. सेक्रेटरी, त्याची आई, पाद्रीबाबा, सगळे कधी ना कधी रविवारी आले होते. नोएमी तर वाडगा दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली होती. मला म्हणाली होती, पिएरा, आज पहिल्यांदा अंगात ऊब आली.

खाणावळीच्या भिंतीवर बियाणांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाच्या संताचं नाव, मुंगीएवढ्या अक्षरांत. शुक्रवारी सकाळी मी खाली आले तेव्हा क्लेलिया समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभी होती आणि ते नाव वाचत होती.

"संत बेनेदेत्तो," ती म्हणाली. "बरोबर?"

मी जवळ जाऊन पाहिलं. "बरोबर."

मला रडू यायला लागलं. तिला आलं नाही.

"एक बुधला चांगला निघाला," ती म्हणाली. "पाच राहिले. ते पिंपात आहेत आणि माणसांच्या पोटात आहेत."

"प्रयोगशाळेत नमुना देऊ. गुपचूप. निकाल आला की मग..."

"निकाल कधी येणार? सगळा प्रांत बाटल्या घेऊन रांगेत उभा असेल. तोवर नोएमीने काय करायचं? पाजत राहायचं?"

तिने स्टूल घेतलं आणि बाहेर गेली. मी खिडकीतून पाहत होते. ती स्टुलावर चढली आणि तिने दारावरची फांदी काढली.

सुगीच्या आधी वाइन संपली तर लोक फांदी काढतात. मार्चमध्ये कुणी काढत नाही. समोरच्या नळावर भांडी भरणारी बाई आधी थांबली. मग बेकरीवाला दारात आला. कुणी कुणाला बोलावलं नाही, पण पाव तासात चौकात तीस-चाळीस माणसं होती. एवासियोची खटारा गाडी आली आणि नळाच्या कठड्याला घासत उभी राहिली. नोएमी बाळाला शालीत गुंडाळून आली होती.

"काय झालं, क्लेलिया? पिंप फुटलं का?" बेकरीवाला म्हणाला.

क्लेलिया पायरीवर उभी होती. फांदी हातात तशीच होती. तिने सांगितलं. गारांपासून सांगितलं. ट्रक, सहा बुधले, पिंप, दर शनिवारची तूट. माझं नाव घेतलं नाही.

"रेडिओवर सांगताहेत ती हीच आहे की नाही, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी कुणाला विचारलं नाही, तुम्हाला सांगितलं नाही. जानेवारीपासून ज्याने माझ्याकडे लाल वाइन घेतली, रविवारचा वाडगा घेतला, त्याने आज डॉक्टरांकडे जावं. आजच." मग तिने मान वळवली. "एवासियो, तुझे डोळे माझ्यामुळे गेले."

नळ वाहत होता, तो कुणी बंद केला नाही.

"मी बाळाला पाजते," नोएमी म्हणाली. ती मोठ्याने बोलली नाही. जणू स्वतःलाच सांगत होती. "क्लेलिया, मी रोज पाजते."

मी पुढे झाले. "नरसाळं मी धरलं होतं," मी म्हणाले. "वाडगे मी दिले."

तेवढ्यात एवासियो घसा खाकरून पुढे आला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "माझे डोळे गेल्या सुगीपासूनच असे आहेत. ट्रक आला नव्हता तेव्हापासून."

"काय?" क्लेलिया म्हणाली.

"मोतीबिंदू असेल, दुसरं काही असेल, मी दाखवलंच नाही. दाखवलं तर लायसन्स काढून घेतील. गाडी गेली तर मी टेकडीखालून रोज जेवायला येऊ कसा? कुंपणाच्या आवाजावरून चालवतो. डाव्या बाजूने पानं घासली की उजवीकडे वळतो."

"म्हणजे माझी कोंबडी तूच चिरडलीस," नळावरची बाई म्हणाली.

"कोंबडी होती होय? मला वाटलं कुणाची टोपी पडलीय."

दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. क्लेलिया हसली नाही. तिने एवासियोकडे असं पाहिलं, जणू त्याने सांगितलेलं खरं आहे की तिला वाचवण्यासाठी आहे हे तिला ठरवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही येत नव्हतं. पुढे आस्ती शहरातल्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच आहे असं सांगितलं, तरीही तिचा पुरता विश्वास बसला नाही.

दुपारी आरोग्य खात्याची दोन माणसं आली. नमुने घेतले, तळघराच्या दाराला लाखेचं सील लावलं. नोएमीला तिचा नवरा आस्तीला घेऊन गेला. ती परत येईपर्यंत क्लेलिया रस्त्याच्या वळणावर उभी होती. स्वेटरही न घालता. गाडी आली, काच खाली झाली. आई आणि बाळ दोघं ठीक होती. नोएमीने मान हलवली, पण क्लेलियाकडे पाहिलं नाही.

निकाल ईस्टर उलटून गेल्यावर आला. विष नव्हतं. पाणी आणि साखर होती, त्या चोर ट्रकवाल्याने घातलेली साधी पाणी-साखर. सील तोडणारा माणूस म्हणाला, "बाई, तुमचं नशीब. विका खुशाल."

तिने विकली नाही. बार्बेरा आणि फ्रेइसा, दोन्ही पिंपांच्या तोट्या सोडल्या. मागच्या घळीतून ती जांभळी धार दिवसभर वाहत होती, आणि आठवडाभर तिथे मधमाश्या घोंगावत होत्या. आजोबांचं पिंप उन्हाळ्यात सुकलं. फळ्यांमधून उजेड दिसायला लागला. ज्याच्यासाठी तिने सगळं केलं होतं, ते तिने स्वतःच्या हाताने जाऊ दिलं. मी म्हणाले, पाणी भरून ठेवू. ती म्हणाली, राहू दे.

फांदी पुन्हा दारावर चढायला दोन सुगी लागल्या. लोक परत आले, सगळे नाही. शिकारी आले नाहीत. नोएमी तीन वर्षांनी आली, मुलाला घेऊन. एवासियोचं ऑपरेशन झालं. त्याला सगळं स्वच्छ दिसायला लागलं आणि तो म्हणाला, क्लेलिया, तू इतकी म्हातारी कधी झालीस?

वाडगा मात्र तिने बंद केला. आणि आता ती विचारायची, "काय पिणार?" ट्राउटबरोबर कुणी बार्बेरा मागितली तरी आणून द्यायची. एवासियोला ते सहन होत नसे. "सांग ना तू," तो म्हणायचा, "मी काय पिऊ ते." ती म्हणायची, "तुला हवं ते पी."

रोज सकाळी अकरा वाजता, दार उघडायच्या आधी, ती त्या दिवसाच्या सुरईतून एक पेला स्वतः प्यायची. मग समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहायची आणि कॅलेंडरवरचं संताचं नाव वाचायची. वाचता आलं की फांदी बाहेर टांगायची. एका पेल्याने इतक्या लवकर काही कळत नाही हे तिला ठाऊक होतं. वाइन तिचीच होती, तिच्याच मळ्यातली, छोट्या नव्या पिंपातली. तरीही एक दिवस चुकला नाही. चौदा वर्षं मी ते पाहिलं.

मग एका एप्रिलमध्ये तिला नाव वाचता आलं नाही. मी रश्श्याखाली आच कमी करत होते. ती बराच वेळ बोलली नाही म्हणून मी बाहेर आले. ती भिंतीला टेकून उभी होती.

"पांढरं दिसतंय," ती म्हणाली.

"अगं, बहात्तर वर्षांची झालीस तू. मोतीबिंदू आहे."

"एवासियोसारखं तूही तेच म्हण."

मी तिच्या हातातला पेला घेतला. अर्धी वाइन उरली होती. ती मी प्यायले. मग तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, भिंतीला पाठ टेकून, आणि मोठ्याने वाचलं.

"संत झीता."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती दिसत होतं कोण जाणे.

"नीट वाचलंस?"

"नीट वाचलं."

मग फांदी उचलून तिने माझ्या हातात दिली, आणि मी स्टूल घेऊन बाहेर गेले.